अठरा नंबरची तार

शिरूर
५ फेब्रुवारी २०२४

बबनराव,

न्हाई ओ, रुसायला मी काय नवी नवरी हाय का? आन् तब्येत बी ठणठणीत हाय. तुमच्या कार्डावर दोनच ओळी, "रुसलात का? तब्येत बरी आहे ना?" त्या मच्छिंद्र पोस्टमननं बाजारपेठेत तीन दुकानांवर वाचून दाखवल्या आन् मग माझ्या हातात दिल्या. वर मलाच इचारतो, "मावशे, दौंडचं कोण रुसलंय गं?" म्हणून सांगते, कार्ड टाकू नका. पाकीट टाकत जा.

पत्र मी टाकलं न्हाई, कारण मला वाटलं मोटरच येईल. तुमच्या भांडगावच्या पशुखाद्याच्या कारखान्यातली ती पंधरा हॉर्सची मोटर गेली पाच सालं दर संक्रांतीच्या मागंपुढं जळती. तुम्ही ती टेम्पोत घालता, चौफुल्यावरनं, न्हावऱ्यावरनं शिरूरला आणता, मी जळकी तार काढून, नवी भरून, दोन दिसांत बांधून देते. बैलपोळा चुकंल पण ही चुकायची न्हाई. यंदा तिला काय झालं? जळली न्हाई का? का दौंडात कुणी नवा वायंडर आलाय, मिश्या पिळणारा?

मी आपलं तुमचं लोखंडी स्टूल पुसून ठेवलं. चार खडू नवे आणले. रेल्वेच्या शेडनं तुमचे कान खाल्ले, फोन कानाला लावला की तुमचं कानातलं मशीन शिट्टी मारतं, तवा तुमच्याशी बोलायचं म्हंजी काऊंटरच्या पत्र्यावर खडूनं लिहायचं नायतर असं कागदावर. मागच्या साली जाताना तुम्ही पत्र्यावर लिहून गेलता, "भरीत चांगलं होतं." ते मी पुसलं न्हाई. गिऱ्हाईक इचारतं, ताई, हे काय? मी म्हणते, मोटरीचा नंबर हाय.

वांगी हाईत. मोटर कुठं हाय ते कळवा.

मुक्ता
दत्ता मोटर वायंडिंग
(पाटीवर अजून मालकांचंच नाव ठेवलंय. जाऊन दहा सालं झाली, पण गिऱ्हाईक त्येंच्याच नावानं येतं. मी फक्त कॉईल भरते.)

•

दौंड
१२ फेब्रुवारी २०२४

मुक्ताबाई यांस,

सप्रेम जय भीम.

पाकीटच टाकतो आहे. मुलाने, सम्राटने विचारलं, "आबा, एवढं काय लिहिताय?" म्हटलं पेन्शनचा अर्ज आहे. सूनबाई राजश्री हसली. काय कळलं कोणास ठाऊक.

मोटर जळली नाही. जळू देत नाहीत. सविस्तर लिहितो.

बापूसाहेबांचा मुलगा विश्वजीत इंजिनीअर होऊन आला आणि कारखाना आता तोच बघतो. त्याने पुण्याहून एक मॅडम बोलावल्या, अनुपमा मॅडम. वीज कुठे वाया जाते ते तपासणं हे त्यांचं काम. मुलगी हुशार आहे. एका एका वायरीला चिमट्याचा मीटर लावून वहीत लिहीत होती. आमच्या पाचही मोटरींच्या पट्ट्या तिने फडक्याने पुसून वाचल्या आणि मान हलवली.

विषय असा की आता मोटरींना नंबर असतात. आयई एक, आयई दोन, तीन, चार. आकडा जितका मोठा तितकी वीज उष्णतेत कमी जाते. नवी मोटर घ्यायची तर दोनच्या खालची आता विकतच नाहीत, आणि विश्वजीतला तीन नंबरच्या हव्या आहेत. मॅडम म्हणाल्या, तीन नंबरची मोटर शंभरातले एक्क्याण्णव कामाला लावते. आपली ऐंशीलासुद्धा टेकत नाही. बाकीचं सगळं अंगाला चटका. त्यांनी तिच्या पाठीवर थर्मामीटरची बंदूक धरली आणि म्हणाल्या, "काका, यावर भाकरी भाजेल."

दुसरी गोष्ट. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त गेला की मोटर बंद करणारी डबी, ती एकवीसवर हवी होती. ती तीसवर होती. मॅडमनी विचारलं, "कोणी ठेवली?" मी म्हणालो, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांनी ती एकवीसवर आणली. तेव्हापासून आपली मोटर दिवसातून पाच-सहा वेळा बंद पडते, गार होते, पुन्हा चालते. जळत मात्र नाही.

त्यामुळे यंदा येणं झालं नाही. खडू जपून ठेवा.

आपला,
बबन

•

शिरूर
१९ फेब्रुवारी २०२४

बबनराव,

तुमच्या जय भीमला माझा रामराम.

चौतीस सालं रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर हुता तुम्ही. सुपरफास्ट गाडीच्या डब्याखाली हात घालून काळोखात वायर ओळखणारा माणूस. आन् एकवीस आन् तीसमधी चष्मा आडवा आला व्हय? दोन आकड्यांत काय एकसारखं हाय ते मला खडूनं लिहून दाखवा. जाऊ द्या. मी काय इचारत न्हाई.

ते आयईचं मला लई आवडलं. माणसांस्नी बी असा नंबर पायजे हुता. लगीन ठरवताना पत्रिका बघायच्याऐवजी पाठीवरची पट्टी बघायची. आमचं मालक आयई एक. चार कप चहा घातला की एक कॉईल निघायची, बाकीचं सगळं गप्पांत. तुम्ही एक भाकरी खाता, दोन दिस स्टुलावर गप बसता, वार्निश सुकस्तोवर दोनशे वॅटच्या बल्बाकडं टक लावून बघता. तुम्हाला चार नंबर द्यायला हरकत न्हाई. माझं इचारू नका. मी तापते लई.

आता खरं सांगा. ही नवी मोटर आणली तर ती किती सालं जळत न्हाई?

तुमच्या त्या मॅडमला एक सांगा. पुन्हा बांधलेली मोटर वीज खाती, हे खरं हाय, पण कुणी बांधली त्येच्यावर हाय. बाकीचे वायंडर जुनं तांबं काढायला अख्खी मोटर भट्टीत घालत्यात. तांबं पटकन निघतं, पण आतलं लोखंड भाजतं आन् मग ती जन्मभर वीज पिती. मी भट्टी लावत न्हाई. छिन्नीनं कापून, एक एक कॉईल पकडीनं ओढून काढते. बोटं सोलत्यात. मालकांनी शिकवलं तसं.

त्येंनी अजून एक शिकवलं. मोटर बांधून झाली की आतमधी एक चिठ्ठी ठेवायची, आगीला न जुमानणाऱ्या स्लीवच्या नळीत गुंडाळून, कॉईलच्या मागं दोऱ्यानं बांधून. कुठल्या साली बांधली, किती वेढे, कितवी तार. पुढं जो कुणी मोटर उघडंल त्येला कळावं म्हणून. म्हणायचं, "बाहेरच्या माणसाला काय वाट्टेल त्या थापा मार, मुक्ते, पण आतल्या चिठ्ठीत खोटं लिहायचं न्हाई. पुढचा वायंडर तिच्यावर भरवसा ठेवून हात घालतो." तुमच्या मोटरीत अजून मालकांची पहिली चिठ्ठी हाय. कडा काळ्या पडल्यात. दर साली मी ती परत आत घालते.

उत्तर लवकर द्या. किती सालं जळत न्हाई, तेवढं.

मुक्ता

•

दौंड
२८ फेब्रुवारी २०२४

मुक्ताबाई यांस,

सप्रेम जय भीम.

पंधरा वर्षं. चांगली ठेवली तर वीस. मी दुकानदाराला दोनदा विचारलं, मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून. त्याने कागदावर लिहून दिलं. १५-२०.

पंधरा वर्षांनी मी ब्याऐंशीचा होईन. हिशोब सहज केला.

इकडची हकीकत. गेल्या आठवड्यात विश्वजीत मला म्हणाला, "आबा, ती शिरूरची बाई वायंडिंग बोगस करते. चांगली मोटर दर वर्षी जळते का?" मुक्ताबाई, मी रेल्वेत साहेबांच्या शिव्या खाल्ल्या पण कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. बाहेर पोती उचलणारे बिहारी लोक थांबून आत बघायला लागले तेव्हा समजलं. मी म्हणालो, ही मोटर दाणा दळायची मिल फिरवते, मिलला भुसा असतो, लोड असतो, व्होल्टेज पडतं, त्यात बाईंचा काय दोष? पंख्याची मोटरही त्यांनीच बांधलेली आहे, चार वर्षं झाली, चकार शब्द नाही. मी रोज सकाळी मोठा स्क्रू-ड्रायव्हर मोटरीवर टेकवून मूठ दातात धरतो. कान गेले तरी हाडातून ऐकू येतं. पंख्याची विहिरीतल्या कबुतरासारखी घुमते. आपली तापल्यावर थोडी कण्हते. पण घुमते.

मॅडम मध्ये पडल्या. म्हणाल्या, "वाद कशाला? एक मोटर सगळ्यांसमोर उघडू. तार मोजू, वेढे मोजू. बांधणी बरोबर निघाली तर दोष वायंडिंगचा नाही, हे मी रिपोर्टमध्ये लिहीन." विश्वजीत मानी आहे पण शब्दाचा आहे. तो म्हणाला, बांधणी बरोबर निघाली तर फक्त मिलची मोटर नवी घेऊ, बाकीच्या चारांची कामं तुमच्याकडेच येतील आणि त्या सांभाळायला मला ठेवील. नाही तर पाचही भंगारात, आणि एकतीस मार्चला मीसुद्धा घरी. नव्या मोटरींना फिटर लागत नाही.

घरी म्हणजे दौंडच्या दोन खोल्या. सम्राट म्हणतो, आबा, आता बास झालं, टीव्ही बघा. टीव्हीवर अक्षरं असतात खाली, तेवढी वाचायची.

उघडायची तारीख गुरुवार, २१ मार्च. कोणती मोटर उघडायची ते मला विचारलं. मी आपलीच सांगितली. म्हटलं, जिच्यावर आळ घेतलात तीच उघडा. विश्वजीतने लिहून घेतलं.

मी निश्चिंत आहे. तुम्हीही राहा. मालकांची चिठ्ठी निघाली की जपून आणून देईन. तेवढ्या निमित्ताने येणं होईल.

आपला,
बबन

•

शिरूर
७ मार्च २०२४

बबनराव,

ती उघडू नका.

भंगारात जायची मोटर उघडून कुणाचं भलं झालंय? छिन्नीनं कापायला दोन दिस लागत्यात, तुमच्या त्या मॅडमला तेवढी फुरसत हाय का? आन् दुसरा कुणी कापील तर सगळं लोखंड ओरबाडून ठेवील. तुम्हाला उघडायचीच असंल तर पंख्याची उघडा. ती बी माझीच हाय. कबुतरासारखी घुमती म्हणलात न्हवं?

न्हाईतर असं करा, मिलची मोटर भंगाराच्या भावात मला द्या. टेम्पो मी पाठवते. माऊली कंडक्टरचा भाऊ टेम्पो चालवतो, सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला परत.

विश्वजीतला सांगा, बाई म्हातारी हाय, येडी हाय, तिला नवऱ्याची आठवण म्हणून पायजे. काय बी सांगा.

मच्छिंद्र दारात उभा हाय पाकिटासाठी. आज जास्त लिहीत न्हाई.

मुक्ता

•

दौंड
१३ मार्च २०२४

मुक्ताबाई यांस,

सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. पहिल्यांदाच तुमच्या पत्रात एकही टोमणा नव्हता. राजश्रीला वाटलं, कुणी गेलं की काय.

मी मूर्ख आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही इतकी वर्षं ती चिठ्ठी दर वेळी परत आत ठेवता. त्यांच्या हातचं अक्षर आहे ते. आणि मी चार परक्या माणसांसमोर ती मोटर फाडायला निघालो, वर शहाण्यासारखं लिहिलं की चिठ्ठी आणून देईन म्हणून. ज्या घरात आपण पाहुणे असतो त्या घरातल्या कपाटाला हात लावायचा नसतो. मला माझी जागा माहीत आहे. मी मोटर आणणारा माणूस. दत्तारावांना मी पाहिलंही नाही. मी भांडगावला लागलो तेव्हा ते जाऊन दोन वर्षं झाली होती. मोटरीवर त्यांच्या दुकानाचा स्टिकर होता, तो वाचून शिरूरला आलो. दौंडात चार वायंडर आहेत, केडगावला दोन. पहिल्या खेपेनंतर त्यांच्याकडे जाता आलं असतं. गेलो नाही.

पण आता मोटर बदलता येत नाही. मी विश्वजीतला विचारून पाहिलं. तो हसला, म्हणाला, "काय आबा, आता घाबरलात?" आता मागे सरलो तर तुमच्या कामाला डाग लागेल आणि तो मी लागू देणार नाही. माझी नोकरी राहो न राहो. तेव्हा गुरुवारी सकाळी दहाला ती उघडायची, हे ठरलेलं आहे. भट्टी लावू देणार नाही. माझ्या हाताने छिन्नीनेच कापीन. दोन्ही हात शाबूत आहेत अजून.

चिठ्ठीचं असं करतो. नळी दिसली की सर्वांत आधी मी काढून खिशात घालीन. वाचणार नाही. कुणी वाचू म्हटलं तर सांगेन, हा घरचा कागद आहे. मॅडम समजूतदार आहेत, पण वेढे आणि तारेचा नंबर चिठ्ठीवर असतो हे मीच त्यांना कौतुकाने सांगून बसलोय. त्यांना बघायची असेल. तरी प्रयत्न करीन.

काळजी करू नका. तुमची आणि त्यांची वस्तू तुम्हाला परत मिळेल. नंतर मी त्रास देणार नाही.

आपला,
बबन

•

शिरूर
१९ मार्च २०२४, मंगळवार

बबनराव,

हे पत्र पोस्टात टाकलं न्हाई. माऊली कंडक्टर दौंडच्या फेरीवर हाय, त्येच्या हातात दिलंय. त्येला सांगितलंय, रेल्वे क्वार्टरच्या मागची गल्ली, निळं दार, बहिरं माणूस, बेल वाजवू नको, खिडकीवर हात आपट. उद्या सांजच्या आत तुमच्या हातात पडलं पायजे. आधी खाली बसा. चष्मा लावा. आकडे नीट वाचा या खेपेला.

तुम्ही लई चांगलं लिहिलं. घरच्या कपाटाचं वगैरे. वाचून मला आधी रडू आलं आन् मग तुमचा राग आला. एवढा शहाणा माणूस आन् एवढा येडा! तुम्हाला वाटतंय मी मालकांच्या कागदासाठी जीव टाकते. मालकांचा कागद मला पाठ हाय. "सन २००९. छत्तीस वेढे. अठरा नंबर, दोन तारा. दत्ता." बास, एवढंच. त्येंची आठवण काय त्या कागदात न्हाई. ती त्येंच्या चहाच्या कपात हाय, कान तुटलेला, तुम्ही त्यातच पिता. तुम्हाला म्हाईत न्हवतं. आता झालं. मी मुद्दाम देते तो. त्येंचं काय म्हणणं नसंल, त्येंस्नी माणसं आवडायची.

त्या नळीत दुसरी एक चिठ्ठी हाय, बबनराव. ती माझी हाय. आन् ती तुम्ही खिशात घालू नका, वाचा. त्या पोरीनं वाचली तरी चालंल. पण तिच्या तोंडनं सगळ्यांच्या देखत तुम्हाला कळायच्या आधी माझ्याकडनं कळावं, एवढ्यासाठी ही धावाधाव.

आधी कामाचं सांगते. गुरुवारी मोटर उघडायच्या आधीच विश्वजीतला बाजूला घ्या आन् सांगा, मिलची बांधणी खोटी हाय. सांगा, मला कालच कळलं, बाईनं स्वतः कळवलं. हे पत्र दाखवायचं तर दाखवा, खालचं झाकून. तुम्ही माझ्यासाठी जी जबान दिली ती खोटी पडू देऊ नका, खोटेपणा माझ्या पदरात घाला. म्हणा, वायंडर लबाड निघाली. आन् मग म्हणा, पंख्याची उघडा. तिच्यात जे लिहिलंय तेच निघंल, तार बी आन् वेढे बी. बाकीच्या तीन मोटरींना मी हात लावलेला न्हाई. तुमची नोकरी तेवढ्यावर राहिली तर राहिली. माझ्याकडं त्येंनी काम न्हाई दिलं तर न्हाई दिलं. त्येंचं बरोबर हाय. त्येंची एवढ्या सालांची वीज मी नुसती तापवून घालवली. विश्वजीत तोंडावर बोलला तर मी खाली मान घालून ऐकून घेईन, आन् मला नीट ऐकू येतं.

नवी मोटर घ्याच म्हणावं. तीन नंबरची. त्या पोरीचं खरं हाय, मोटर थंड चालली पायजे. मी बी उद्या कुणी नवी आणली तर हेच सांगंन. मला तिचा राग एवढ्याचसाठी आलता की ती पंधरा सालं जळत न्हाई.

आता खालचं. हे झाकायचं.

पहिल्यांदा तुम्ही आला ते साल सोळा. उन्हाळा हुता. तुम्ही स्टुलावर बसला. मी बोलत हुते आन् तुम्ही नुसतं हसत हुता, मला वाटलं माणूस शिष्ट हाय. मग तुम्ही खडू घेऊन पत्र्यावर लिहिलं, "मला ऐकू येत नाही, पण तुमचे हात बघतोय." बबनराव, मालक गेल्यावर दोन सालं मी काम केलं, कुणी माझे हात बघितले न्हवते. गिऱ्हाईक यायचं, पाटी बघायचं, घड्याळ बघायचं, मोटर कवा देता म्हणायचं. तुम्ही दोन दिस माझे हात बघितले. ती मोटर मी जीव लावून बांधली. अठरा नंबर, दोन तारा. ती दोन सालं चालली. दोन सालं तुम्ही आला न्हाई.

मी रस्त्यावरनं टेम्पो गेला की बाहेर यायचे. भाजीचा असायचा.

मग अठरा सालच्या संक्रांतीच्या सुमारास तुम्ही आला, बेअरिंग वाजतंय म्हणून. बेअरिंग बदलायला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात तुम्ही चहा पिऊन निघाला असता. मी मोटरीत डोकं घातलं आन् पत्र्यावर लिहिलं, "वार्निश गेलंय. दोन दिवस लागतील." वार्निश आरशासारखं हुतं. तुम्ही ते वाचलं, मोटरीत वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् स्टुलावर बसला. तवा मला वाटलं तुम्हाला कळलं न्हाई. आता रिलेचं ऐकल्यापासनं मला काय काय वाटतंय. तुमचं तुम्ही बघा. मी काय इचारत न्हाई म्हणलं हुतं, न्हाई इचारत.

पाच सालं मोटर जळली. तुम्ही एकदा बी म्हणला न्हाई, "मुक्ताबाई, दर साली का जळती?" मी दर साली उत्तर तयार ठेवायचे.

त्या चिठ्ठीत मी खोटं लिहू शकले न्हाई. मालकांनी शिकवलेलं तेवढं एक मोडवंना. आन् मला वाटायचं, पुढची मोटर उघडणारी मीच हाय, वाचणार कोण? अठरा सालापासनं दर खेपेला तेच लिहिलं, फक्त साल बदललं. आता ती चिठ्ठी तुमच्या हातात पडायची हाय. छिन्नी चालवताना हात कापू नका.

अठराच्या जागी मी एकोणीस नंबरची तार घालत हुते, नंबर वाढला की तार बारीक. एका नंबरात जवळजवळ तिसरा हिस्सा तांबं कमी हुतं. उरलेल्या जागेत कागद कोंबायचे, वरनं बांबूची पट्टी ठोकायची, म्हंजी बघणाऱ्याला भरलेलं दिसतं. बारीक तार, जास्त ताप, बारा महिने चालती, लई तर तेरा. संक्रांतीच्या मागंपुढं जाती. मी मोजून घातली हुती.

चुकून न्हाई झालं हे. दर साली मी तुमची मोटर जळायचीच बांधली, बबनराव. तुम्ही यावं म्हणून.

मुक्ता